दिग्दर्शन शिकावे लागते काय?

रविवारच्या मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ पायरीवर थांबले. मुलाने गडहिंग्लजच्या महाविद्यालयातून पदवी घेतली होती आणि आता तो विद्यापीठात नाट्यदिग्दर्शन शिकू म्हणत होता. गृहस्थ त्रासून गेले होते. "फादर, नाटक शिकायला युनिव्हर्सिटीत कशाला जायाला पायजे? गल्लीतली पोरं गणपतीत करत्यात की!" त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नाही. प्रश्न वरवर दिसतो तितका भाबडा नव्हता. त्याचे उत्तर आम्ही येथे, सर्व वाचकांसमोर, देऊ पाहत आहोत.

मराठी रंगभूमीचा इतिहास पाहिला तर तो प्रथमदर्शनी त्या गृहस्थांच्याच बाजूने साक्ष देतो. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले, तेव्हा दिग्दर्शनाची पदवी कोणत्याही विद्यापीठात नव्हती. संगीत नाटकाच्या काळात कंपनीतला तालीम मास्तरच सर्व काही शिकवी. आणि अलीकडचा काळ घ्यावा, तर 'घाशीराम कोतवाल'चे उदाहरण डोळ्यांसमोर येते. १९७२ साली पुण्यात प्रथम सादर झालेल्या या नाटकाचे दिग्दर्शक जब्बार पटेल हे डॉक्टर. त्यातील नाना फडणवीस साकारणारे मोहन आगाशे पुढे मानसोपचारतज्ज्ञ म्हणून नावाजले. साहाय्यक दिग्दर्शक सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे पदवीधर. नाट्यशास्त्राची पदवी यांपैकी कोणाच्या गाठीशी होती? मग दिग्दर्शन शिकावे लागत नाही, असेच म्हणायचे काय?

आम्हांस तसे वाटत नाही. आणि त्याचे कारण त्या प्रयोगातच सापडते. विजय तेंडुलकरांच्या संहितेत रांगेने उभी असलेली माणसे आहेत. हीच रांग गाते, नाचते, पाठ फिरवून भिंत होते, आणि त्या भिंतीआड जे घडते ते प्रेक्षकाला न दिसताही कळते. कागदावर ही कल्पना एका ओळीत मावते. परंतु पाठ नेमकी कोणत्या ठेक्यावर फिरावी, भिंत केव्हा फुटून तिचा जमाव व्हावा, पाप झाकणारी आणि पापाचा धिक्कार करणारी माणसे तीच आहेत हे प्रेक्षकाला कोणत्या क्षणी उमगावे, हे सारे दिग्दर्शकाने ठरविले. त्याला भास्कर चंदावरकरांच्या संगीताची आणि कृष्णदेव मुळगुंदांच्या नृत्यरचनेची साथ होती. हे कसब आकाशातून पडलेले नाही. ही मंडळी भालबा केळकरांच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये वर्षानुवर्षे घडली होती. शाळा त्यांनाही होती; तिने प्रमाणपत्र तेवढे दिले नाही.

येथेच आमच्या गृहस्थांच्या युक्तिवादातील उणीव उघडी पडते. ती शाळा पुण्यात होती. संध्याकाळी काम आटोपून तालमीला जाणाऱ्या पुणेकर तरुणाला ती घराजवळ मिळाली. हिरण्यकेशीच्या काठी वाढणाऱ्या, सीमेपलीकडची कानडी आणि अलीकडची मराठी एकाच बाजारात ऐकणाऱ्या आमच्या मुलाने ती कोठे शोधावी? शहरातील मुलाला जे शेजारपाजारी मिळते, ते तालुक्याच्या मुलाला देणे हे विद्यापीठाचे काम आहे.

असे काम होऊ शकते, याचा पुरावा इब्राहिम अल्काझी यांनी दिला. १९२५ साली पुण्यात अरब कुटुंबात जन्मलेला हा मुलगा आपल्या येशूसंघीय धर्मगुरूंच्या सेंट व्हिन्सेंट शाळेत आणि पुढे मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात शिकला. त्यानंतर त्याने लंडनच्या नाट्यअकादमीत शिक्षण घेतले. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली सुरू झाले आणि १९६२ पासून १९७७ पर्यंत अल्काझी त्याचे संचालक होते. प्रकाशयोजना, वेशभूषा, नेपथ्य आणि शिस्त ही अभिनयाइतकीच महत्त्वाची, असा त्यांचा कटाक्ष असे. १९६३ साली त्यांनी धर्मवीर भारती यांचे 'अंधा युग' फिरोजशहा कोटल्याच्या भग्न अवशेषांत सादर केले. महायुद्धानंतरच्या उद्ध्वस्त नगरीची कथा उद्ध्वस्त दगडांतच सांगावी, हा निर्णय म्हणजेच दिग्दर्शन. त्यासाठी वेगळा संवाद लिहावा लागला नाही.

आता आमच्या अंगणातील उदाहरण. प्रायश्चित्तकाळातील दुःखसहनाचे नाटक अनेक वर्षे आम्हीच बसवीत आलो. सर्व पात्रे ओळीने प्रेक्षकांकडे तोंड करून मोठ्याने बोलत, आणि पेत्राच्या नकाराला हमखास हशा पिकत असे. एका वर्षी त्या गृहस्थांच्या याच मुलाने ते बसविले. त्याने प्रभूवरचा दिवा काढला आणि पेत्राजवळच्या शेकोटीपाशी ठेवला. तिसऱ्या नकाराच्या वेळी पेत्र आमच्याकडे पाठ करून उभा होता. कोंबडा आरवला आणि फक्त त्याचे खांदे हलले. त्या रात्री कोणी हसले नाही.

परंतु टीकाकाराने दोषही सांगितले पाहिजेत. क्रूसाच्या वाटेचा प्रवेश फार लांबला. धूर इतका केला की मागे बसलेल्या म्हाताऱ्यांना काही दिसेना, ऐकू येईना. पुढे शेजारच्या गावी हाच प्रयोग केला, तर पेत्राचा प्रवेशही पडला. तेथील अंगण रुंद होते. पाठ केलेला पेत्र अर्ध्या लोकांना समोरून दिसत होता. मुलाला हे का बिघडले ते सांगता येईना. आमच्या मते, विद्यापीठात जाण्याचे खरे कारण हेच. एकदा साधले ते पुन्हा साधायचे, तर ते का साधले हे कळावे लागते. मिस्साची प्रार्थना पाठ असली म्हणून कोणी धर्मगुरू होत नाही. आम्हांलाही सेमिनरीत वर्षे घालवावी लागली.

विद्यापीठाचे शिक्षण निर्दोष आहे, असे आम्ही म्हणत नाही. स्तानिस्लाव्हस्की आणि ब्रेख्त यांवरील टिपणे पाठ करून परीक्षा देता येते. शेजारच्या गवंड्याकडून एक वाक्य खरेपणाने म्हणवून घेणे तेवढ्याने येत नाही. म्हणून निवड डोळसपणे करावी. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ पासून आहे. आपल्या जवळ, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे. जेथे वर्गापेक्षा तालीम अधिक चालते, ते ठिकाण बरे.

पोटाचा प्रश्न उरतोच. त्या पित्याची चिंता आम्ही हलकी मानीत नाही. या वाटेने नोकरीची हमी नाही. परंतु शाहू महाराजांच्या काळात १९१५ साली उभे राहिलेले कोल्हापूरचे नाट्यगृह, पुढे केशवराव भोसल्यांच्या नावाने ओळखले गेलेले, ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळाले, तेव्हा कधी नाटक न पाहिलेली माणसेही हळहळली. वास्तू पुन्हा बांधता येते. तीत काय उभे करावे हे जाणणारी माणसे मात्र घडवावी लागतात.

गृहस्थांना आमचे सांगणे एवढेच: मुलाला जाऊ द्यावे. मुलालाही एक अट आहे. दरवर्षी प्रायश्चित्तकाळात त्याने गावी यावे, आपले नाटक बसवावे, आणि मागच्या बाकावरील म्हाताऱ्यांना दिसते ना, ऐकू येते ना, हे तेथे स्वतः बसून पाहावे.