‘ख्रिस्तपुराणा’ची ओवी आणि रोसाचा मांडव

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ची चर्चा मराठीत बहुधा भाषागौरवापाशी येऊन थांबते. राशोल येथे १६१६ साली रोमी लिपीत मुद्रित झालेल्या या सुमारे ११ हजार ओव्यांच्या ग्रंथाचा आशय ख्रिस्ती व पात्र तेवढे देशी, असे म्हणून समीक्षक मोकळे होतात. आशय आणि पात्र यांच्या या वाटणीत काव्याचे मर्मच निसटते.

ग्रंथारंभीचा प्रसंग पाहावा. साष्टीतील एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो, की पूर्वीची पुराणे आपण वर्ज्य केलीत, तर त्यांच्या ठायी दुसरी का देत नाही? हा निव्वळ काव्यसंकेत मानता येत नाही. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन आले. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली. नवे मत या श्रोत्याने पत्करलेच होते. हरवले होते ते श्रवण. पुराण ऐकणे हा त्याच्या लेखी ज्ञानाचा मार्ग खरा, परंतु त्याहून अधिक तो एक विधी होता. स्टीफन्सने ही भूक ओळखली, आणि ती भागवताना त्या विधीलाही चर्चमध्ये वाट करून दिली. स्वर्गाला तो ‘वैकुंठ’ म्हणतो तेव्हा शब्दाचे जुने अनुनाद पुसण्याचे सामर्थ्य कोणत्याही धर्मोपदेशकापाशी नसते. जेथे तो केवळ सिद्धान्त समजावतो तेथे रचना रुक्ष होते. ख्रिस्ताच्या यातनांच्या कथनात मात्र तीच ओवी करुणेने भिजते.

रूप निरुपद्रवी नसते, हे पुढे सत्तेने स्वतःच मान्य केले, आणि या बाबतीत ती आपल्या समीक्षकांहून चतुर ठरली. १६८४ च्या फर्मानाने देशी भाषेवरच घाला घातला. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या आज्ञापत्रात तर तुळस लावणे, मिठावाचून भात शिजवणे, लग्नात विडा-सुपारी पाठवणे, वधूवरांना हळद व खोबरेल लावणे, लग्नाची गाणी म्हणणे, अशा बारीकसारीक आचारांची यादी आहे. ग्रंथ छापून एकशेवीस वर्षे लोटल्यावरही ही यादी करावी लागली!

या आचारांना ‘अवशेष’ म्हणण्याची अभ्यासकांची रीत आहे. ती फसवी आहे. अवशेष निर्जीव असतो. गोव्याहून स्थलांतरित होऊन मंगळुरास स्थिरावलेल्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी वधूवरांना नारळाचा रस माखतात. त्याला रोस म्हणतात. त्या वेळी बायका जी गीते म्हणतात त्यांत ख्रिस्ती नामस्मरण असते, आणि त्या गीतांचे नाव आहे ‘वोवियो’. पुराणाची ग्रंथिक ओवी व मांडवातील ही ओवी यांची घडण एक नाही. पण नाव एकच राहिले आहे.