आधी पन्हाळा, मग अंदमान

अंदमानला जाण्यापूर्वी माणसाने पन्हाळा वाचावा, असे माझे ठाम मत आहे. पाहावा असे म्हणत नाही. तो पाहिलेला असतोच. कोल्हापूरकडचा माणूस आयुष्यात तीनदा तरी पन्हाळ्यावर येतो. एकदा शाळेच्या सहलीला, एकदा लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात आणि एकदा पुण्या-मुंबईचे पाहुणे घरात फार दिवस राहिले म्हणजे. वाचावा म्हणतो तो गाइडबुकातला पन्हाळा.

त्याचे असे आहे. पूर्वी नोकरीतून सुटलेला माणूस काशीला जायचा. हल्ली तो अंदमानला जातो. तिथे समुद्र पाहायला मिळतो आणि सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे हातही जोडता येतात. नुसती चैन केली असे वाटत नाही. आपल्या मध्यमवर्गीय माणसाला चैन करताना तोंडी लावायला थोडे पुण्य लागतेच. मग विमानाची तिकिटे निघतात, उन्हाच्या टोप्या येतात, सूनबाई सासूबाईंना पंजाबी ड्रेस घालायला राजी करतात आणि कोणीतरी माझ्या दारात उभा राहतो. "तुम्ही वाचता-बिचता. अंदमानचं एखादं चांगलंसं गाइडबुक सांगा की!"

आता मी पन्हाळ्यावर राहतो. मला समुद्र दिसतो तो पावसाळ्यात, खालच्या खोऱ्यात ढग साचतात तेव्हा. त्या समुद्रात बेट म्हणाल तर आमचा गडच. पण म्हणूनच हा सल्ला द्यायला मी लायक आहे. गाइडबुकाची खरी अडचण ही, की ते चांगले की वाईट हे कळायला ते गाव पाहिलेले असावे लागते. आणि गाव पाहिलेले असेल तर पुस्तक हवे कशाला? यावर आपल्या आयाबायांनी तोडगा काढूनच ठेवला आहे. शितावरून भाताची परीक्षा! सबंध भारतावरच्या जाड पुस्तकात अंदमानही असते आणि पन्हाळाही असतो. दुकानात उभ्याउभ्या पन्हाळ्याचे पान काढावे. ते शीत बोटांत दाबून पाहावे. कच्चे लागले तर अंदमानचा भात पानात घेऊ नये. बाली किंवा मॉरिशसला जायचे असेल, तर त्याच प्रकाशकाचे भारतावरचे पुस्तक काढावे. ज्याने आपल्या दारातल्या गडाबद्दल थापा मारल्या, तो सातासमुद्रापलीकडे गेल्यावर एकदम सत्यवादी हरिश्चंद्र होईल, हे संभवत नाही.

पहिल्याने विशेषणे मोजावीत. 'निसर्गरम्य', 'आल्हाददायक' आणि 'विलोभनीय' या तीन शब्दांत पन्हाळा बसतो, महाबळेश्वर बसते, बाली बसते आणि माझ्या मेहुण्याचा उसाचा मळाही बसतो. इंग्रजी पुस्तकांना हाच रोग आहे. तिथे किल्ला 'मॅजेस्टिक' असतो, एवढाच फरक. विशेषण हे आमटीत वाढवलेले पाणी आहे. लेखक स्वतः गेलेला नसला, की तो ते सढळ हाताने ओततो. याउलट १८८६ साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कोल्हापूरचा खंड पाहावा. दरवाजे, बुरूज, तळी, कोठारे यांची त्यात अशी मोजदाद आहे, की लिहिणारा गड पाहायला आला होता की जप्ती करायला, असा प्रश्न पडावा. पण कोरडे असले तरी त्यात दरवाजा शोधला तर दरवाजा सापडतो.

दुसरे म्हणजे, वस्तू काय आहे ते पुस्तक सांगते का? पन्हाळ्याच्या अंबरखान्यात गंगा, यमुना आणि सरस्वती आहेत. एका पुस्तकात एवढेच छापलेले होते. ते वाचून एक आजीबाई नातवाचा हात धरून आल्या, आणि पिशवीतून तांब्या काढून मला विचारू लागल्या, "संगमावर उतरायला पायऱ्या आहेत का हो?" ती धान्याची कोठारे आहेत, हे त्यांना कोण सांगणार? मीच सांगितले. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू नद्या मीच आटवल्या!

काय आहे याइतकेच काय नाही, तेही पुस्तकाने सांगायला हवे. आमचा चार दरवाजा १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी पाडला. राहिले ते अवशेष. तरी एक गुळगुळीत कागदाचे पुस्तक वाचकाला 'भव्य चार दरवाजातून प्रवेश' करायला लावते. पावणेदोनशे वर्षांपूर्वी पडलेल्या दरवाजातून आत जायचे म्हणजे योगसामर्थ्यच हवे. असले पुस्तक अंदमानात काय करील ते पाहा. सेल्युलर जेलच्या सात इमारतींपैकी तीनच आता उभ्या आहेत. उरलेल्या चार शोधण्यात तुमची दुपार जाईल. हॅवलॉक बेटाचे नाव २०१८ साली स्वराज द्वीप झाले आणि पोर्ट ब्लेअरचे २०२४ साली श्री विजयपुरम. कामाचे पुस्तक दोन्ही नावे देते. तिकिटावर एक नाव आणि लोकांच्या तोंडी दुसरे असले, म्हणजे बिचाऱ्या प्रवाशाला आपण दोन गावांना निघालो आहोत असे वाटू लागते.

आता घड्याळ. 'पन्हाळा : दोन तास' असे जिथे छापलेले दिसेल, तिथेच पुस्तक मिटावे. सिद्दी जौहर १६६० साली चार महिने गडाला वेढा घालून बसला होता, त्याला जमले नाही. आणि या लेखकाला दोन तासांत उरकायचे आहे! कोंडाजी फर्जंदाने १६७३ साली अवघ्या साठ गड्यांनिशी एका रात्रीत गड घेतला, हे खरे. पण त्याला गड घ्यायचा होता, पाहायचा नव्हता. शिवाय त्याच्याबरोबर गुडघे दुखणारी मावशी नव्हती. गडाची तटबंदी सात किलोमीटरच्या आसपास आहे. अंधारबावीत उतरायला पायऱ्या आहेत, आत उजेड कमी, पावसाळ्यात ओल. पुस्तकाने मावशीला हे आधी सांगितले, म्हणजे मावशी वर कट्ट्यावर आनंदाने शेंगा खात बसते. सांगितले नाही, म्हणजे ती अर्ध्यावर बसते आणि सगळ्या सहलीचा विचका होतो.

अंदमानात तर घड्याळ फारच महत्त्वाचे. ती बेटे आपल्यापासून इतकी पूर्वेला आहेत आणि घड्याळ मात्र आपलेच लावतात, त्यामुळे डिसेंबरात तिथला सूर्य पाचच्या सुमाराला बुडतो. आपल्याकडे त्या वेळी दुपारची झोप संपवून माणूस चहाची वाट पाहत असतो. जेवणानंतर 'जरा पाठ टेकतो' म्हणणाऱ्या कोल्हापूरकराने अंदमानात रोज पाठ टेकली, तर तो सहा दिवसांची सहल काळोखात करून येईल. हे एक वाक्य ज्या पुस्तकात आहे, त्याला मी बाकीची पन्नास विशेषणे माफ करीन.

मग येतो ऋतू. 'जुलैमध्ये पन्हाळ्यास जाणे टाळावे,' असे बरीच पुस्तके बजावतात. धुके असते, सज्जाकोठीवरून खोरे दिसत नाही, फोटो येत नाहीत. सगळे खरे. पण महाराज विशाळगडाकडे निसटले ते जुलैतच! तो पाऊस, तो काळोख, तो चिखल नसता तर तो बेत तडीस गेला असता का? आजही दर जुलैला पोरेबाळे भिजत, घसरत पन्हाळ्याहून पावनखिंडीला चालत जातात. त्यांना जाऊन सांगा, जुलै टाळा म्हणून! माझ्या ओळखीच्या, झुणका-भाकरी विकणाऱ्या मावशींना एका मुंबईच्या पाहुण्याने धुक्याबद्दल तक्रार केली. मावशी तव्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "दादा, धुकंच तर बगायचं असतंय. दगडं काय, उन्हाळ्यात बी हितंच असत्यात!"

याचा अर्थ पुस्तकाने ऋतू सांगू नये असा नाही. कारण सांगावे, एवढेच मागणे. अंदमानात मेच्या उत्तरार्धात पाऊस धरतो, समुद्र खवळला की बेटाबेटांतल्या बोटी रद्द होतात आणि परतीचे विमान चुकू शकते. हे कारण कळले, की माणूस आपले आपण ठरवतो. 'टाळावे' एवढेच लिहिणारे पुस्तक वाचकाला बालवाडीत बसवते.

यापुढची परीक्षा मला सगळ्यांत जवळची वाटते. पुस्तकात माणसे आहेत का? 'या किल्ल्यावरून शिवाजी महाराज निसटले' एवढ्या वाक्यावर पुष्कळ लेखकांचे काम भागते. जणू काही संध्याकाळची एसटी पकडून गेले! त्या रात्री दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेषात बसून शत्रूच्या हाती गेला आणि प्राणाला मुकला तो शिवा काशीद. गडाच्या पायथ्याच्या नेबापूरचा, नाभिक समाजातला माणूस. खिंड अडवून उभे राहिले ते बाजीप्रभू. बाजीप्रभूंचे नाव बहुधा सापडते. शिवा काशीदसाठी मात्र जागा अपुरी पडते, आणि त्याच पानावर तीन हॉटेलांच्या जाहिराती असतात. ज्या पुस्तकात त्याच्यासाठी एक ओळ नाही, त्याच्या लेखकाला दगड दिसले, गड दिसला नाही. असा लेखक अंदमानात जारवांच्या राखीव जंगलातून जाणाऱ्या रस्त्याबद्दल लिहिताना, त्या लोकांनाही 'प्रेक्षणीय स्थळां'च्या यादीत घालायला कचरणार नाही. त्यांचे फोटो काढणे, त्यांना खाऊ देणे हा गुन्हा आहे, हे पहिल्या ओळीत सांगायला हवे. काय पाहावे हे कोणीही सांगेल. कुठे नजर खाली घालून पुढे जावे हे सांगणारे पुस्तक विरळा.

आणखी एक छोटी खूण. पुस्तकात 'म्हणतात' हा शब्द आहे का, ते पाहावे. पराशर ऋषी इथल्या गुहेत राहत, म्हणतात. पन्नगांचे आलय म्हणून पन्हाळा, म्हणतात. अंबरखान्यात पंचवीस हजार खंडी धान्य मावे, म्हणतात. आणि शिलाहार राजा भोज दुसरा याने बाराव्या शतकाच्या अखेरीस गड बांधला, मोरोपंतांचा जन्म १७२९ साली इथे झाला, हे 'म्हणतात' न लावता. या दोहोंतला फरक ज्याला कळतो, त्याने सांगितलेल्या बोटीच्या वेळेवर मी विश्वास ठेवीन.

"अहो, पण आता मोबाइल असताना पुस्तक हवंच कशाला?" असे आमच्या चिरंजीवांचे म्हणणे. मोबाइलमध्ये तारे असतात. ही ताऱ्यांची चाल जुनीच; एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या बेडेकरांनी आपल्या गाइडबुकांतून ती रूढ केली. (हे बेडेकर लोणचेवाले नव्हेत. पण दोघांनीही प्रवासात माणसाची सोय पाहिली.) फरक असा, की तिथे तारा देणारा माणूस जाणकार असे. मोबाइलवर एक गृहस्थ आठशे वर्षांच्या गडाला एकच तारा देतात. का, तर गाडी लावायला जागा मिळाली नाही! राजा भोजाच्या हातून ही चूक झाली खरी.

आणि गाइडबुक ही काही साहेबाचीच विद्या नाही. महानुभावांची 'स्थानपोथी' साताठशे वर्षांमागची. चक्रधरस्वामी कुठे उतरले, कोणत्या देवळात, कोणत्या दिशेला, कुठल्या कोपऱ्यात, हे तिच्यात नेमके नोंदलेले आहे. मागाहून येणाऱ्याला नमस्कार करायचा होता, आणि तो चुकीच्या ओट्यावर पडला तर कसे चालेल? त्यामुळे निसर्गरम्य वगैरे लिहायला सवड झाली नाही. चालून आलेल्या माणसाने चालणाऱ्यासाठी लिहिले, की पुस्तक आपोआप नेटके होते.

जुलै २०२५ मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. मराठ्यांच्या आणखी अकरा किल्ल्यांबरोबर हा मान मिळाला. त्यात सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी ही बेटेही आहेत. बेटच पाहायचे असेल तर इतक्या लांब जायलाच हवे असे नाही, पण तो विषय वेगळा. आता नव्या आवृत्त्यांच्या मुखपृष्ठावर सोनेरी शिक्का येणार. शिक्का पाहून भुलू नये. पान उघडावे, शीत दाबावे.

पुस्तक घेतलेत की घरी वाचा. बोटीत वाचू नका, मळमळते. आणि परत आल्यावर समासात पेन्सिलीने चार ओळी लिहून पुढच्या माणसाला द्या. तीन घरे फिरून आलेले असे एक अंदमानचे पुस्तक माझ्याकडे आहे. छापलेला मजकूर बेताचाच. पण बाराव्या पानावर कोणा काकूंनी बारीक अक्षरात लिहिले आहे : 'पाचला अंधार. चहा साडेतीनलाच उरकावा.' अंदमानच्या गाइडबुकाबद्दल विचारायला येणाऱ्यांना मी हल्ली तेवढे पान दाखवतो.