सेवाभाया : देव की ज्ञानी पुरुष?

येशू ख्रिस्त हा साक्षात ईश्वर होता की केवळ एक थोर ज्ञानी पुरुष, हा वाद महाराष्ट्रास परका नाही. १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाने अवतारकल्पनाच नाकारली आणि ख्रिस्तास संतांच्या पंक्तीत आदराचे आसन दिले. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. परंतु त्रैक्य व ख्रिस्ताचे ईश्वरत्व यांविषयी मठातील भगिनींशी आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार पुढे झाला, त्यावरून धर्म स्वीकारला म्हणून बुद्धी गहाण टाकण्यास ही विदुषी तयार नव्हती हे स्पष्ट दिसते. हा वाद आता जुना झाला असे कोणी म्हणेल. आमच्या मते तो जुना झालेला नाही. त्याने केवळ गाव बदलले आहे.

वाशीम जिल्ह्यात मानोरा तालुक्यात पोहरादेवी हे क्षेत्र आहे. बंजारा समाज त्यास आपली काशी मानतो. येथे जगदंबेचे मंदिर आहे आणि तिचे भक्त संत सेवालाल महाराज यांची समाधी आहे. परंपरेप्रमाणे त्यांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३९ चा; १८०६ साली रुईगड येथे त्यांनी देह ठेवला आणि पोहरादेवीस त्यांची समाधी झाली. तांड्यातील माणूस मात्र सन-तारखेच्या भानगडीत न पडता त्यांना 'सेवाभाया' म्हणतो. भाया म्हणजे भाऊ. या साध्या शब्दाकडे वाचकांनी लक्ष ठेवावे. पुढे त्याचे काम आहे.

सेवाभायाविषयी आज जे बोलले व लिहिले जाते त्यात दोन पक्ष ठळक दिसतात. पहिल्या पक्षास ते अवतारी पुरुष होत. त्यांनी चिखलाचा शिरा केला, थाळीचा नगारा वाजविला, हे त्यास अक्षरशः खरे. दुसऱ्या पक्षास, आणि यात शिकलेली तरुण मंडळी बरीच आहेत, ते समाजसुधारक होत. चमत्कार हे भोळ्या जनांनी मागाहून चढविलेले पुट. ते खरवडून काढले म्हणजे आत शुद्ध माणूस सापडेल, अशी या पक्षाची खात्री आहे.

ही खरवडण्याची कला नवी नाही. अमेरिकेचे एक माजी राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफर्सन यांनी १८२० च्या सुमारास नव्या करारातील पाने चाकूने कापून त्यातून चमत्कार वगळले आणि उरलेले वेचे दुसऱ्या वहीत चिकटवून आपल्यापुरता एक ग्रंथ सिद्ध केला. त्यात उपदेश आहे, दृष्टांत आहेत, पुनरुत्थान नाही. कबरीच्या तोंडाशी शिळा लोटली जाते आणि ग्रंथ संपतो. हा उद्योग प्रामाणिक होता यात शंका नाही. परंतु अशा शिक्षकासाठी त्याचे शिष्य प्राणावर उदार का झाले, याचा उलगडा त्या वहीतून होत नाही. चिखलाच्या शिऱ्याचेही तेच. बुद्धिवादी चरित्रकार त्यातून 'मातीत कष्ट केल्यास अन्न मिळते' असा बोध काढू शकेल. तो निर्दोष आहे, आणि अगदी बेचवही आहे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूख तुडविणाऱ्या, दुसऱ्यांसाठी अन्न वाहणाऱ्या लोकांनी आपल्या भायाच्या हातून चिखलाचा शिरा करविला, यात जी भूक आहे ती त्या बोधात कोठे आहे?

आता एका जुन्या लेखाकडे वळू. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्यप्रांतातील जातीजमातींवरील १९१६ च्या ग्रंथात कर्नल मॅकेन्झी या अधिकाऱ्याचा एक वृत्तांत दिला आहे. त्याचा सारांश असा : पटकीची देवता मरीमाता हिचे देखण्या सेवा राठोडावर प्रेम बसले, त्याने ते नाकारले, तिच्या कोपाने त्याची वाग्दत्त वधू मेली आणि त्याचे सर्व धुळीस मिळाले, शेवटी तो तिला शरण गेला, तेव्हा तिने त्यास सामर्थ्य दिले. तो सर्व स्त्रियांचा भाऊ ठरला. पुढे म्हातारपणी देवीला लहर आली की त्याने लग्न करावे. त्याने पुन्हा नकार दिला, मारला गेला आणि वऱ्हाडात पोहूर येथे पुरला गेला. त्याच्या नावाची शपथ सर्वांत पवित्र मानीत, असेही तेथे नमूद आहे.

या वृत्तांतात दोष पुष्कळ आहेत. घटना 'आपल्याच काळातील' असे म्हणून १८७४ साल दिले आहे. परंपरा तर महाराजांचा अंत त्याच्या सुमारे सत्तर वर्षे आधी झाला असे सांगते. बंजारे देवीला 'याडी' म्हणजे आई म्हणतात. तिला येथे प्रेमविव्हल नायिका केले आहे. ग्रीक-रोमन पुराणांवर पोसलेल्या अभिरुचीचा हा प्रताप असावा, असे आम्हास वाटते. शिवाय १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा नुकताच झालेला होता. त्या काळी सरकारी लेखणीस फिरस्त्या लोकांविषयी ममत्व असणे कठीणच होते.

असे असूनही हा वृत्तांत आम्हास मोलाचा वाटतो. कथेचा कणा त्याने मोडलेला नाही. तो कणा म्हणजे नकार. समाजातील कथनांत प्रेमाऐवजी भक्तीची मागणी आहे : देवी त्यास आपला भक्त म्हणून मागते, तो मानत नाही, तांड्यावर संकटे येतात, मग तो वाकतो. तपशील बदलले तरी देवतेसमोर उभा राहून 'नाही' म्हणणारा माणूस दोहोंकडे आहे.

येथे दोन्ही पक्षांची पंचाईत होते. सेवाभाया जर पूर्ण देव, तर देवीशी त्याचा झगडा लटका. ती देवघरातील आपसातली लीला झाली. तो जर केवळ शहाणा माणूस, तर तांडा बुडत असता त्याने हट्ट धरला, हे शहाणपण कसले? गेथशेमनेच्या बागेतील ख्रिस्ताची रात्र अशीच आहे. हा प्याला टळावा, अशी प्रार्थना ईश्वराने कोणापाशी करावी? आणि नुसता ज्ञानी पुरुष असता तर तो अंधारात टेकडी ओलांडून निघून गेला असता. वर्गात हा प्रसंग निघाला म्हणजे आमचे विद्यार्थी दोहोंपैकी एक बाजू झटकन घेतात; परीक्षेच्या दृष्टीने ते सोयीचेही असते. ख्रिस्त मात्र शेवटी पित्याच्या इच्छेपुढे नमतो. सेवाभाया, त्या वृत्तांताप्रमाणे, शेवटी नमत नाही. हा फरक आम्हास लहान वाटत नाही.

'भाया' या शब्दाचे काम ते हेच. भाऊ देव नव्हे; परंतु उपदेशकही नव्हे. आईशी भांडण्याचा अधिकार घरात भावालाच असतो, आणि भावंडांच्या वतीने तो भांडतो. तांड्याने आपल्या श्रेष्ठ पुरुषासाठी संबोधन निवडले ते पंडितांच्या दोन्ही कप्प्यांबाहेरचे आहे.

हा निव्वळ शब्दांचा खेळ असता तर आम्ही एवढी शाई खर्चिली नसती. पोहरादेवीस रामनवमीला मोठी यात्रा भरते. देवीला बोकडांचा बळी देण्याची चाल तेथे दीर्घ काळ चालत आलेली आहे आणि ती बंद व्हावी म्हणून प्रयत्नही झाले आहेत. सेवाभायाचा भोग मात्र गोड असतो, आणि त्यांच्या उपदेशात जीवहत्येचा निषेध सांगितला जातो. बोकड सोडवू पाहणाऱ्याने तेथे कोणाचे नाव घ्यावे? सेवाभाया हे देवीचेच रूप मानले, तर एकाच देवतेस दोन नैवेद्य, इतकाच अर्थ उरतो आणि बोकड कापला जातो. ते अठराव्या शतकातील एक सुधारक मानले, तर नवस फेडावयास आलेली बाई विचारील की देवीपुढे सुधारकाची मातब्बरी ती काय. पण आईला 'नाही' म्हणालेल्या भावाचे नाव घेतले, तर ती थांबून ऐकण्याचा संभव आहे. तिच्या आजीने तिला तीच कथा सांगितलेली असते.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीस बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. समाजाचा इतिहास आता भिंतींवर आणि फलकांवर मांडला जाईल, सन-तारखा पक्क्या होतील. ते योग्यच आहे. नकाराची ही कथा फलकावर लिहिताना तिच्यातून देवी वगळण्याचा मोह होईल, किंवा झगडा वगळण्याचा. दोन्ही तशीच राहू द्यावीत, एवढीच चरित्रकारांस व फलककारांस आमची विनंती आहे.