पुतळा, पीठलेख आणि बोली : सॅफो व बहिणाबाई

सिसिलीतील सिराक्यूज नगराच्या सभागृहात सॅफो या ग्रीक कवयित्रीचा एक धातूचा पुतळा होता. इ. स. पूर्व चौथ्या शतकातील सिलानिऑन या शिल्पकाराची ती कृती. रोमन प्रांताधिपती व्हेरीस याने तो पुतळा लांबविला. चौथरा मात्र तेथेच राहिला. इ. स. पूर्व ७० मधील आपल्या अभियोगात सिसेरो सांगतो की, चौथऱ्यावर एक उत्तम ग्रीक पद्य कोरलेले होते आणि व्हेरीसला ग्रीकचे एक अक्षर जरी कळत असते तरी त्याने तेही नेले असते. मूर्ती गेली, लेख राहिला. आणि तेथे काय होते व ते नेले गेले आहे, याची साक्ष त्या लेखानेच दिली. कवीच्या स्मारकाचा विचार करताना या प्रसंगाचे मर्म ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

सॅफोचे समकालीन चित्र उपलब्ध नाही. मिटिलीनीच्या नाण्यांवरील मुद्रा काय, किंवा आज त्या नगरीत तिच्याच नावाच्या चौकात उभा असलेला पुतळा काय, सारे चेहरे कल्पित होत. कल्पित नाही ती तिची बोली. 'दिवस' या अर्थी अथेन्सकर 'हेमेरा' म्हणत, तर लेस्बॉस बेटावरील लोक 'आमेरा' म्हणत. आरंभीचा हकार त्यांच्या बोलीत लोपला होता. कवयित्रीचे नावही तिच्या स्वतःच्या काव्यात 'प्साप्फो' असे येते. अलेक्झांड्रियाच्या संपादकांनी तिचे काव्य अथेन्सच्या वळणावर नेले नाही, म्हणूनच अवशिष्ट तुकड्यांतूनही तिचा उच्चार आज अनुमानिता येतो.

खानदेशात हाच प्रश्न बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या संबंधात उपस्थित होतो. आसोदे हे त्यांचे माहेर व जळगाव हे सासर. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी पुत्र सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी टिपून ठेविली आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. जळगाव येथील विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. गौरवाची उणीव आता उरलेली नाही. उणीव असलीच तर ती नेमकेपणाची आहे.

बहिणाबाईंची भाषा 'अहिराणी' होय, असे सर्रास म्हटले जाते. हे विधान टिकणारे नाही. धुळे जिल्ह्यात आणि अमळनेर, पारोळे, चाळीसगाव या भागांत बोलली जाणारी अहिराणी 'माझा' याबद्दल 'मना' व 'आहे' याबद्दल 'शे' असे म्हणते. ग्रीअर्सन यांनी १९०७ च्या खंडात खानदेशीची मांडणी मराठीपासून वेगळी, भिल्ली भाषांसमवेत केली, ती अशाच लक्षणांमुळे. जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पूर्वेकडील पट्ट्यातील लेवा गणबोली मराठीच्या अधिक निकट, वऱ्हाडीशी नाते सांगणारी आहे. तीत ळकाराचा यकार व णकाराचा नकार होतो : 'केळी' ची 'केयी', 'डोळा' चा 'डोया', 'पाणी' चे 'पानी'. बहिणाबाईंची गाणी या बोलीतील आहेत.

या भेदाचे वाङ्मयीन मोल एका शब्दावरून दाखविता येईल. मनाविषयीच्या त्यांच्या सुप्रसिद्ध गाण्यातील 'वढाय' हे विशेषण प्रमाण मराठीत 'ओढाळ' असे होते. लेखनिकाने 'ओढाळ' लिहिले असते तरी अक्षरे तीनच राहिली असती. छंदाला धक्का लागला नसता आणि अर्थही बदलला नसता. तरीही शेतात शिरणाऱ्या गुराला ज्या तोंडाने हाकलले जाते, त्या तोंडचा शब्द गेला असता. छंद व अर्थ शाबूत ठेवूनही काव्यातील काही हरवू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय. टिपून घेणाऱ्यांनी यकार राखला, ही त्यांची संपादकीय थोरवी. तिची दखल समीक्षेने अद्याप पुरेशी घेतलेली नाही.

एक आक्षेप संभवतो : स्मारक हे सर्वांसाठी असते, बोलीचा आग्रह त्याला संकुचित करील. परंतु बहिणाबाईंची गाणी महाराष्ट्रभर पोहोचली ती बोलीसह, बोली टाकून नव्हे. शिवाय एका बोलीचे श्रेय दुसरीला दिल्याने दोहोंवरही अन्याय होतो. अहिराणीची स्वतःची मौखिक संपदा विपुल आहे. तिला उसन्या मानाची गरज नाही.

पुतळ्याच्या मुखावर शिल्पकाराचा अधिकार चालतो. पीठलेखावर भाषाभ्यासकाचा चालावा. जेथे बहिणाबाईंचे स्मारक असेल तेथे गाण्याचा पाठ १९५२ च्या आवृत्तीशी ताडून, यकार-नकारांसह कोरावा. बोलीचे नाव अचूक द्यावे. आणि टिपून घेणाऱ्या दोघांची नावे खाली असावीत. त्यांच्या बोलीत 'बहीण' हा शब्द 'बहीन' असा उच्चारला जातो. प्रमाण लेखनातील 'बहिणाबाई' शेजारी 'बहिना' हे रूपही कोरले, तर पुढील वाचकाला त्यांचे नाव त्यांच्याच उच्चारात वाचता येईल.