गोकुळधाम : आधीचे आणि नंतरचे

संध्याकाळची जपमाळ आटोपली की (काही घरी ती आटोपण्यापूर्वीच!) अंबरनाथ-बदलापूरच्या वसाहतींत आणि उल्हासनगरच्या कॅम्पांत ज्या मालिकेचा आवाज भिंतीपलीकडून ऐकू येतो, तिच्याविषयी या पानांवर दोन शब्द लिहिणे आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही. ‘चित्रलेखा’ या गुजराती साप्ताहिकात तारक मेहता यांनी १९७१ पासून लिहिलेल्या विनोदी सदरावर बेतलेली ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ ही मालिका २८ जुलै २००८ रोजी सब वाहिनीवर सुरू झाली. तिचे चार हजारांहून अधिक भाग झाले आहेत.

आरंभीच्या भागांत विनोद उगवतो तो अपराधातून. टपूच्या चेंडूने भिडे मास्तरांच्या खिडकीची काच फुटते. मास्तर संतापतात, आणि तो संताप खरा असतो. जेठालालला सर्वांदेखत मान खाली घालावी लागते. गावाहून आलेले चंपकलाल नातवाआधी मुलालाच फैलावर घेतात. दयाचा आवाजही तेव्हा माणसाचा वाटतो. पुढे तो ओढून ताणून केवळ हशा मिळविण्याचे साधन झाला. भांडण खरे असल्यामुळे समेटालाही किंमत होती.

नंतरच्या गोकुळधामात कोणी कोणाचे काही बिघडवतच नाही. संकट बाहेरून येते, गैरसमजातून वाढते, आठवडेच्या आठवडे ताणले जाते, आणि शेवटी सारे एका कुटुंबासारखे नाचतात. जिथे दुखावलेलेच कोणी नाही, तिथे क्षमा कोण कोणाला करणार? प्रायश्चित्त संस्काराची तयारी मुलांकडून करून घेणाऱ्या पालकांना आमचा आक्षेप कळेल. टपूची खोडी पुढे शहाणपणाचीच लीला ठरू लागली, याची आम्हांस अधिक खंत वाटते.

कलावंत बदलले हे कारण अनेक जण पुढे करतात. दिशा वाकाणी २०१७ मध्ये, शैलेश लोढा २०२२ मध्ये दूर झाले, हे खरे. तथापि लेखनाची धार त्याआधीच बोथट झाली होती.

जाता जाता एक गोष्ट. शीख, पारशी, तमिळ, बंगाली अशा सर्वांना घर देणाऱ्या त्या सोसायटीत ख्रिस्ती कुटुंबास मात्र खोली मिळालेली नाही. असो!

जुने भाग पुन्हा दाखविले जातात. शेजाऱ्याच्या दारात उभे राहून मुलासाठी माफी मागणाऱ्या बापाचा पडलेला चेहरा दिलीप जोशी यांनी तेव्हा कसा रंगविला होता, तेवढ्यासाठी तरी ते मुलांसह पाहावेत.