आरामशीनचा मालक इतिहासात बसतो कुठं?

भंडाऱ्याच्या एखाद्या छोट्या आरामशीनवर पीएच.डी. होऊ शकते का? नक्कीच. पण बहुतेक जण वाचनाची सुरुवात गाडगीळ-गुहांच्या ‘दिस फिशर्ड लँड’ (१९९२) पासून करतात. पुस्तक मोठंच आहे. रेल्वेच्या स्लीपरांसाठी जंगलं कशी गेली, गावाचे हक्क सरकारनं कसे काढून घेतले, हे त्याशिवाय कळत नाही.

अडचण वेगळी आहे. त्यात एका बाजूला वनखातं आणि मोठे कारखाने, दुसऱ्या बाजूला गाव. मधला माणूस, म्हणजे लिलावात लाकूड घेऊन गावाला चौकटी, पलंग, बंडीची लाकडं चिरून देणारा, जवळजवळ दिसतच नाही. तो सरकारचा गिऱ्हाईक आणि गावाचा दुकानदार. त्याला शोषक म्हणायचं की भरडलेला? ही चौकट जशीच्या तशी उचलली, तर उत्तर आधीच ठरतं.

भंडाऱ्यात तर ती आणखी अपुरी पडते, कारण इथं मालगुजारी होती. मध्य प्रदेशचा १९५० चा मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा मार्च १९५१ मध्ये अमलात आला आणि मालगुजारांची जंगलं सरकारकडे गेली. म्हणजे मिलवाल्यासाठी लाकूड विकणाराच बदलला! मालगुजाराशी घासाघीस करणं वेगळं आणि डेपोतल्या लिलावात बोली लावणं वेगळं. पुढं १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्यामुळं कागद एका जागी मिळतील अशी आशा ठेवू नका. नागपूर, भोपाळ, मुंबई, तिन्हीकडं शोधा.

दुसरा सापळा गोदावर्मन खटल्याचा. १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं आरागिरण्यांना खाणींच्या रांगेत, वनेतर कामांत बसवलं. आदेशाची गरज होतीच. पण त्यानंतरच्या फायलींचा सगळा जीव परवान्यात अडकलेला. मशीन कायदेशीर होती का, एवढंच त्या सांगतात. लाकूड कुणी नेलं, उधारी किती थकली, मुलानं धंदा का सोडला, यातलं काही नाही. फक्त त्या फायलींवर प्रबंध लिहिला, तर मालक एक तर परवानाधारक होतो, नाही तर चोर.

म्हणून परवान्याशेजारी आवक-जावकचं रजिस्टर आणि वाहतूक पास ठेवून वाचा. रजिस्टर रद्दीत जायच्या आत गाठा. आणि मालक बोलत नसेल, तर पात्याला धार लावणाऱ्या मिस्त्रीला विचारा: सागवान, बिजा कमी होऊन बाभूळ-कडुनिंब कधीपासून यायला लागला?