‘म्हणजे’ आणि ‘सुनावाची’

जपानी वैचारिक गद्यात आधीचे विधान वेगळ्या शब्दांत मांडण्यासाठी ‘सुनावाची’, ‘त्सुमारी’, ‘योसुरु नि’, ‘कांगेन सुरेबा’ असे शब्दप्रयोग येतात. या सर्वांसाठी ‘म्हणजे’ हा एकच पर्याय योजण्याचा मोह मराठी भाषांतरकाराला होणे स्वाभाविक आहे. मात्र त्यामुळे लेखकाने स्वतःच्या विधानाला दिलेला अधिकार बदलतो.

‘त्सुमारी’च्या मुळाशी गच्च भरणे, टोकाला पोचणे या अर्थाचे क्रियापद आहे, विचार शेवटाला आला असे ते सुचविते. ‘योसुरु नि’ सार काढते, अर्थातच काही टाकूनही देते. ‘कांगेन सुरेबा’ (‘शब्द बदलले तर’) हा प्रयोग संकेतार्थी आहे. त्यात शब्द बदलणारा कोणी आहे हे लपत नाही.

‘सुनावाची’चे प्रकरण निराळे. प्राचीन जपानीत त्याचा अर्थ ‘त्या वेळी’, ‘लागलीच’ असा होता. चिनी ग्रंथ जपानी पद्धतीने वाचण्याच्या परंपरेत अनेक भिन्न अक्षरांना हेच एक वाचन मिळाले. त्यांतील एक अक्षर ‘असे असेल तर’ या संकेतानंतर येणारे, दुसरे तादात्म्य सांगणारे. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. ‘पाऊस थांबला म्हणजे निघू’ येथे ‘म्हणजे’ काल आणि संकेत दाखविते, ‘पर्जन्य म्हणजे पाऊस’ येथे समीकरण. साम्य मात्र येथेच संपते. ‘म्हणजे’च्या पोटात ‘म्हणणे’ आहे, त्यामुळे म्हणणारा आहे. ‘सुनावाची’त कोणीच बोलत नाही, जणू वस्तूच परस्परांशी एकरूप असतात.

हा भेद किरकोळ नाही, हे निशिदा कितारो (1870–1945) यांच्या उत्तरकालीन लेखनाशी झुंजताना कळते. तादात्म्यवाचक अक्षराचे चिनी वळणाचे वाचन ‘सोकु’. प्रज्ञापारमिताहृदयाच्या चिनी भाषांतरात रूप आणि शून्यता यांना जोडणारे अक्षर हेच. संस्कृत संहितेत ते काम यत्-तत् ही सर्वनामे करतात. निशिदा एक आणि अनेक अशा विरोधी पदांमध्ये ‘सोकु’ ठेवतात. तेथे ‘म्हणजे’ घातले की विरोधाचे व्याख्येत रूपांतर होते आणि जे स्पष्टीकरण नव्हतेच ते स्पष्टीकरण ठरते. (निशिदांच्या दुर्बोधतेविषयीच्या तक्रारी सर्वस्वी निराधार नाहीत, पण भाषांतराने त्यांना अकारण सुबोध करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.) अशा ठिकाणी मराठीची ‘जे… तेच’ ही रचना अधिक जवळची, जरी तिने वाक्य लांबते आणि ‘सोकु’चा एकाक्षरी आघात तिला पेलत नाही.